कोरोनाचा मेंदूवर आणि मनावर होणारा परिणाम : एक अभ्यास

इ. स. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आपल्या पिढीतील कोणीही विसरू शकणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वुहान शहरात या नव्या आजाराचे रुग्ण आढळले. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातील पहिला रुग्ण केरळ राज्यात सापडला आणि ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिली नोंद पुण्यात झाली. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही जगभर पसरलेली महामारी असल्याचे जाहीर केले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्यानंतर जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले आणि भोगले. अखेर ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले.

कागदोपत्री आणीबाणी संपली. परंतु ज्यांच्या अंगातून हा आजार गेला, त्या सर्वांच्या बाबतीत तो खरोखर संपला काय? हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आम्ही बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर आहोत, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय अभ्यासावा असे वाटण्यास एक कारण घडले. आमच्या शाखेत कॅश काउंटरवर बसणारे एक सहकारी होते. वीस वर्षे त्यांनी नोटा मोजल्या, पण त्यांची कॅश शॉर्ट आल्याचे आम्हाला आठवत नाही. टाळेबंदीतही बँका चालू होत्या, त्यामुळे ते रोज कामावर येत होते. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना कोरोना झाला. रुग्णालयात जावे लागले नाही. घरीच एका खोलीत राहून ते बरे झाले आणि कामावर रुजू झाले. त्यानंतर महिनाभरात दोन वेळा त्यांची कॅश शॉर्ट आली. दोन्ही वेळा त्यांनी रक्कम खिशातून भरली. शंभर नोटांचे बंडल मोजता मोजता ते मध्येच थांबत आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागत. रोज येणाऱ्या खातेदाराचे नाव त्यांना आठवत नसे. रांग वाढे, लोक आवाज चढवीत. शेवटी वरिष्ठांकडून त्यांना मेमो मिळाला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सर्वांनी मिळून त्यांची थट्टा केली. त्या थट्टेत आम्हीही सामील होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. एके दिवशी डबा न उघडताच ते म्हणाले, "मला मोजता येत नाही असं नाही हो. मोजत असताना मध्येच सगळं पांढरं होतं."

त्या वाक्याने आम्ही अस्वस्थ झालो आणि वाचू लागलो. वाचनातून जे समजले, ते सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी यांच्यापुढे सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

विषाणू शरीरात कसा शिरतो?

कोरोनाचा विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्याला आपल्या शरीरातील पेशीत शिरावे लागते. पेशीच्या पृष्ठभागावर एसीई-२ नावाचे प्रथिन असते. विषाणूच्या अंगावरील काटे या प्रथिनाला चिकटतात आणि त्या दाराने विषाणू आत जातो. हे प्रथिन केवळ फुप्फुसात असते असे नाही. ते नाकात, आतड्यात, मूत्रपिंडात आणि इतरही अवयवांत आढळते. म्हणून हा आजार छातीपुरता राहिला नाही.

साथीच्या सुरुवातीला अनेकांचा वास एकाएकी गेला. चहाचा, फोडणीचा, साबणाचा, कशाचाच वास येईना. हे असे का झाले? २०२० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, वास ओळखणाऱ्या चेतापेशींमध्ये एसीई-२ प्रथिन तयार होत नाही. ते त्यांच्या शेजारी असलेल्या आधारपेशींमध्ये असते. म्हणजे विषाणू मुख्यतः आधारपेशींवर हल्ला करतो. आपल्या रोजच्या कामातील उदाहरण घ्यावयाचे तर शाखेतील शिपाई, पहारेकरी आणि सफाई कामगार एकाच दिवशी गैरहजर राहिले, तर सर्व कारकून जागेवर असूनही शाखा चालत नाही, तसेच हे आहे. कारकून शाबूत असल्यामुळेच बहुसंख्य लोकांचा वास काही आठवड्यांत परत आला. ज्यांच्या बाबतीत हानी जास्त झाली, त्यांना मात्र महिनोन्महिने थांबावे लागले.

मेंदूला इजा कशामुळे होते?

मेंदूत विषाणू मोठ्या प्रमाणावर वाढतो आणि मेंदू खातो, असा एक समज पसरला होता. तो बरोबर नाही. मेंदूची इजा बहुतांशी अप्रत्यक्ष मार्गाने होते. हे मार्ग असे :

पहिला मार्ग प्राणवायूच्या कमतरतेचा. फुप्फुसे निकामी होऊ लागली की रक्तातील प्राणवायू घटतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. साहजिकच टंचाईचा फटका त्याला लवकर बसतो.

दुसरा मार्ग रक्ताच्या गुठळ्यांचा. या आजारात रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला सूज येते व रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली तर पक्षाघात होतो. पूर्वी कसलाही आजार नसलेल्या तरुणांनाही काही वेळा असा झटका आला.

तिसरा मार्ग शरीराच्या स्वतःच्या संरक्षण यंत्रणेचा. शत्रूवर सोडलेले शस्त्र कधी कधी आपल्याच घरावर पडते. काही थोड्या रुग्णांमध्ये संरक्षण यंत्रणेने स्वतःच्याच चेतातंतूंवर हल्ला केला व हातपाय लुळे पडले. या विकाराला गियाँ-बारे असे नाव आहे. तो इतर संसर्गांनंतरही होतो.

चौथा मार्ग सर्वांत महत्त्वाचा, कारण तो सौम्य आजार झालेल्यांनाही लागू पडतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. केर काढणे, मेलेल्या पेशी उचलणे ही त्यांची कामे. २०२२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ मिशेल मोन्जे, अकिको इवासाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. संसर्ग केवळ श्वसनमार्गापुरता होता. मेंदूत विषाणू सापडला नाही. तरीही मेंदूतील या राखणदार पेशी खवळलेल्या राहिल्या आणि चेतातंतूंवरील वेष्टन तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्या. विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे आवरण असते, तसे चेतातंतूंवर हे वेष्टन असते. ते विरले की संदेश सावकाश जातो, मध्येच अडखळतो. आमच्या सहकाऱ्याचे "मध्येच सगळं पांढरं होतं" हे शब्द आम्हाला येथे आठवले.

याखेरीज २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसचे अनेक रुग्ण आढळले. ही बुरशी नाकातून डोळ्यात व तेथून मेंदूपर्यंत जाते. मधुमेह आटोक्यात नसणे आणि स्टेरॉइड औषधांचा अतिरेकी वापर ही तिची प्रमुख कारणे होती. गंभीर रुग्णांचे प्राण वाचविणारे तेच औषध गरज नसताना घेतले तर घातक ठरते, हा धडा आपण लक्षात ठेवला पाहिजे.

मोठ्या पाहण्यांतून काय आढळले?

एकदोन उदाहरणांवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. म्हणून मोठ्या संख्येने केलेल्या अभ्यासांकडे वळू.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एप्रिल २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुख्यतः अमेरिकेतील २,३६,३७९ कोरोना रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. आजारानंतर सहा महिन्यांच्या आत सुमारे ३४ टक्के रुग्णांच्या नावापुढे मेंदूच्या किंवा मनाच्या एखाद्या विकाराची नोंद झाली. त्यांपैकी काहींना हे विकार पूर्वीपासून होते. आयुष्यात प्रथमच अशी नोंद झालेल्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. सर्वांत जास्त आढळलेला विकार चिंतारोगाचा, म्हणजे सुमारे १७ टक्के. पक्षाघाताचे प्रमाण सुमारे २ टक्के होते. फ्लू झालेल्या रुग्णांशी तुलना केली असता अशा विकारांचा धोका कोरोनानंतर ४४ टक्क्यांनी अधिक आढळला.

याच संशोधकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे पावणेतेरा लाख रुग्णांच्या दोन वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक दिलासा देणारी आणि एक काळजीची गोष्ट दिसली. चिंता व उदासीनता यांचा वाढलेला धोका साधारण दोन महिन्यांत इतर श्वसनविकारांच्या रुग्णांइतका खाली आला. परंतु लक्ष न लागणे व विसरभोळेपणा, तसेच वृद्धांमधील स्मृतिभ्रंश आणि फिट येणे यांचा धोका दोन वर्षांनंतरही जास्तच राहिला.

मार्च २०२२ मध्ये इंग्लंडमधील आणखी एक अभ्यास आला. त्याची विशेष गोष्ट अशी की, त्यातील लोकांच्या मेंदूची छायाचित्रे साथ येण्यापूर्वीच काढून ठेवलेली होती. ५१ ते ८१ वयाच्या ७८५ व्यक्तींची पुन्हा तपासणी झाली. त्यांपैकी ४०१ जणांना दरम्यान कोरोना होऊन गेला होता, ३८४ जणांना झालेला नव्हता. रुग्णालयात दाखल झालेले फक्त १५ जण होते. कोरोना झालेल्यांमध्ये वासाशी व स्मृतीशी संबंधित भागांतील करड्या द्रव्याची घट जास्त आढळली. ही जादा घट सरासरी ०.२ ते २ टक्के एवढी होती. आकडे व अक्षरे क्रमाने जोडण्याच्या चाचणीतही त्यांना जास्त वेळ लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडमधीलच सुमारे १,१३,००० लोकांच्या स्मृती व विचारशक्तीच्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर झाले. कोरोना होऊन पूर्ण बरे झालेल्यांची कामगिरी कोरोना न झालेल्यांपेक्षा किंचित कमी होती. ती बुद्ध्यंकाच्या मापात सांगायची तर सुमारे ३ गुणांनी कमी भरली. ज्यांची लक्षणे गेली नव्हती त्यांच्यात ही तूट सुमारे ६ गुणांची, आणि अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत सुमारे ९ गुणांची होती.

हे आकडे वाचताना घाबरून जाऊ नये. ही सरासरी आहे. शाखेची सरासरी ठेव सांगितली म्हणून प्रत्येक खात्यात तेवढी रक्कम नसते. बहुसंख्य लोक पूर्ण बरे झाले आहेत. तसेच दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारणच असते असे नाही. संशोधकांनीही ही मर्यादा मान्य केली आहे. मात्र वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवितात, तेव्हा "हे सर्व मनाचे खेळ आहेत" असे म्हणून विषय झटकून टाकणे अन्यायाचे ठरते.

मनावरील ओझे

येथपर्यंत आपण संसर्गाचा विचार केला. परंतु मनावर जे ओझे आले, ते केवळ विषाणूमुळे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२२ मधील निवेदनानुसार साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता व उदासीनता या विकारांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. स्त्रिया आणि तरुण यांच्यावर त्याचा जास्त परिणाम झाला.

याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. हातावर पोट असणाऱ्यांची मजुरी एका रात्रीत थांबली. मुंबई-पुण्याहून माणसे पोरेबाळे घेऊन पायी गावाकडे निघाली. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे "अंतर ठेवा" ही सूचना पाळायची कशी? शाळा बंद, आणि घरात मोबाईल एक, शिकणारी मुले तीन. ज्यांची माणसे गेली त्यांना शेवटचे तोंडही पाहता आले नाही. चार माणसे दारात आली नाहीत, कोणी गळ्यात पडून रडले नाही. दुःख बाहेर पडायला वाट लागते. ती वाटच त्या काळात बंद होती. काउंटरवर मृत्यूचा दाखला घेऊन वारसाचा अर्ज भरायला आलेल्या कितीतरी स्त्रिया आम्ही पाहिल्या. सही करताना त्यांचा हात थांबत असे. त्या वेळी आम्ही फक्त "येथे सही करा, येथे अंगठा करा" एवढेच बोललो.

अतिदक्षता विभागातून परत आलेल्यांची व्यथा आणखी वेगळी. यंत्रांचे आवाज, शेजारच्या खाटेवरील मृत्यू, आपल्या माणसाचा स्पर्श नाही. अशा रुग्णांना तेथे असताना भ्रम होणे, आणि घरी आल्यावर तीच दृश्ये पुन्हा पुन्हा दिसणे, झोपेतून दचकून उठणे, असे त्रास होतात. हा भित्रेपणा नव्हे. तो उपचार होऊ शकणारा विकार आहे.

लक्षणे कशी ओळखावीत?

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनोत्तर विकाराची व्याख्या केली. साधारणपणे आजारानंतर तीन महिन्यांच्या सुमारास दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणे या व्याख्येत येतात. मेंदू व मनाच्या दृष्टीने पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे :

१) बोलता बोलता शब्द न सापडणे, केलेली गोष्ट विसरणे, हिशेबात वारंवार चुका होणे.
२) थोड्या कामानेही गळून जाणे, आणि श्रमानंतर दुसऱ्या दिवशी त्रास वाढणे.
३) झोप न लागणे किंवा झोपूनही थकवा न जाणे.
४) डोकेदुखी, चक्कर, वास किंवा चव विचित्र लागणे.
५) दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहणे, आवडत्या गोष्टीत रस न वाटणे, कारण नसताना धडधड व भीती वाटणे.
६) जगण्यात अर्थ नाही असे वारंवार बोलून दाखविणे. हे बोलणे कधीही हसण्यावारी नेऊ नये.

यांतील प्रत्येक लक्षण कोरोनामुळेच असते असे नाही. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विसरभोळेपणा व थकवा येतो, आणि त्यांवर चांगले उपचार आहेत. म्हणून प्रथम साध्या तपासण्या करून घ्याव्यात. तोंड एकाएकी वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. तेव्हा घरी तेल चोळत बसू नये. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून थेट रुग्णालय गाठावे.

उपाय काय?

मेंदूवरील हे धुके घालविणारी एखादी गोळी अद्याप निघालेली नाही. तशी गोळी, काढा किंवा सलाईन विकणाऱ्यांपासून सावध राहावे. तरीही करण्यासारखे पुष्कळ आहे.

शक्तीचा हिशेब ठेवावा. खात्यात जेवढी शिल्लक तेवढीच रक्कम काढावी, हा नियम येथेही चालतो. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सर्व कामे उरकली, तर पुढचे चार दिवस व्याजासह फेडावे लागतात. कामाचे लहान भाग करावेत, मध्ये विसावा घ्यावा आणि हळूहळू वाढ करावी.

एका वेळी एकच काम करावे व आठवणीवर विसंबून न राहता लिहून ठेवावे. झोपेची वेळ ठरवावी. दारू व तंबाखू यांनी मेंदूचे नुकसान वाढते, त्यांना दूर ठेवावे. ज्यांचा वास गेला आहे त्यांनी गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी असे चार वास दररोज दोन वेळा लक्षपूर्वक घ्यावेत. हा सराव काही महिने केल्यास अनेकांना लाभ होतो. ध्यानाने मन स्थिर होण्यास मदत होते हे आपण जाणतोच; परंतु ध्यान सुरू केले म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद करू नये. लसीकरणामुळे गंभीर आजाराचा व दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या लक्षणांचा धोका कमी होतो, हेही अभ्यासांतून दिसून आले आहे.

मनाच्या त्रासासाठी मदत मागण्यात कमीपणा नाही. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत केलेल्या पाहणीत शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना मानसिक विकार आढळला होता, आणि त्यांपैकी बहुसंख्य लोक उपचाराविनाच होते. साथीच्या आधीची ही स्थिती होती. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेली-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतूनही बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावे, असेही त्यात म्हटले आहे.

अंगात आले, बाधा झाली असे म्हणून रुग्णाला भगताकडे नेणे, त्याला मारणे, उपाशी ठेवणे हे प्रकार अजूनही घडतात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. विज्ञानाची कास धरणाऱ्या समाजाने हे प्रकार दिसताच थांबविले पाहिजेत.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

ज्या मुलांची शाळेची दोन वर्षे घरात गेली, त्यांपैकी अनेकांच्या वाचनाचा व गणिताचा पाया कच्चा राहिला. हे मेंदूचे दुखणे नव्हे, तर मिळायला हवे होते ते शिक्षण न मिळाल्याचा परिणाम आहे. म्हणून "आपल्याला डोकेच नाही" असा ग्रह करून घेऊ नये. जेथून सुटले तेथून, मग ते खालच्या इयत्तेचे पुस्तक का असेना, पुन्हा सुरुवात करावी. त्यात लाज नाही. आजारानंतर ज्यांचे लक्ष खरोखरच लागत नाही, त्यांनी वीस-पंचवीस मिनिटे अभ्यास, पाच मिनिटे विसावा असा क्रम ठेवावा, आणि शिक्षकांना व पालकांना स्पष्टपणे सांगावे. पालकांनीही गुणपत्रिका हातात घेण्यापूर्वी मुलाची झोप व भूक यांची विचारपूस करावी.

आपली जबाबदारी

मोडलेला पाय प्लॅस्टरमुळे दिसतो. त्या माणसाला आपण खुर्ची देतो, त्याचे ओझे उचलतो. थकलेल्या मेंदूला प्लॅस्टर नसते. म्हणून त्या माणसाला आपण आळशी म्हणतो, कामचुकार म्हणतो, आणि तो आणखी खचतो. हा आजार होऊन गेलेली, पण पूर्वीसारखी न राहिलेली माणसे आपल्या घरात, चाळीत, कचेरीत आहेत. ज्याची नोकरी हिशेबावर, यंत्रावर किंवा गाडी चालविण्यावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

आमच्या सहकाऱ्याचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख संपवितो. त्यांच्या मुलीने त्यांना जिल्हा रुग्णालयात नेले. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी पाहून वरिष्ठांनी त्यांना कॅशवरून काढून पासबुके व अर्ज तपासण्याच्या टेबलावर बसविले. ती जागा आमच्या शेजारचीच होती. सुरुवातीला ते अर्धा दिवस काम करून थकत. खिशात एक लहान वही ठेवून प्रत्येक काम त्यात लिहीत व झाले की खोडत. असे सुमारे दीड वर्ष गेले. आज ते पुष्कळ सुधारले आहेत, पण वही अजून खिशात आहे. आम्ही त्यांची माफी मागितली, तेव्हा ते हसून म्हणाले, "तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

तेव्हा माहीत नव्हते हे खरे. आता माहीत झाले आहे, त्यामुळे ती सबब आपल्याला उरलेली नाही. म्हणून सभासदांना नम्र विनंती अशी की, या वर्षी आपापल्या गल्लीतील निदान एका घरी जाऊन, "आजारानंतर आता कसे वाटते?" एवढे विचारावे, आणि उत्तर पुरते होईपर्यंत बसून ऐकावे.